मधोमध गढूळ

६ जानेवारी

मामांचा सिनेमा माझ्याकडे आला. मामा म्हणजे माझे सासरे. कॅमेरामन म्हणून त्यांनी आयुष्यभर लग्नांपासून दंतमंजनाच्या जाहिरातींपर्यंत मिळेल ते टिपलं, पण पूर्ण लांबीचा सिनेमा एकच. जुने सिनेमे हाय डेफिनिशनमध्ये पुन्हा आणणाऱ्या एका कंपनीनं तो निवडला आणि चित्र साफ करण्याचं काम मला दिलं. यात वशिला नाही. नातं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते मीच सांगितलं आणि सांगून बसल्यावर घाबरलो. त्यांची अट अशी की तयार चित्र मूळ कॅमेरामननं पाहून पसंत करायचं आणि मार्चअखेर ते कंपनीत पोचवायचं. नाही पोचलं तर त्या जागी दुसरा सिनेमा जाईल आणि हा परत डब्यात.

बायको म्हणाली, "तू आणि बाबा तीन महिने एका खोलीत? 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दारातच उभे राहाल."

तिचं खोटं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी मामा मला 'जावईबापू' म्हणतात आणि मी त्यांना कशालाच 'नाही' म्हणत नाही. मला चहात साखर चालत नाही, असा पहिल्याच वर्षी कुणीतरी त्यांचा गैरसमज करून दिला. तेव्हापासून त्यांच्याकडचा कडू चहा मी हसतमुखानं पितो. आता कुठल्या तोंडानं सांगू?

डायरीची कल्पनाही तिचीच. म्हणते, "कुरकुर कागदावर कर. माझ्या कानांना जरा विश्रांती."

१७ जानेवारी

मामा रोज येऊ लागले. मागच्याच गल्लीत राहतात, मामी गेल्यापासून एकटे. माझी कामाची खोली म्हणजे आमच्या घराची मागची खोली. राखाडी भिंती, खिडकीला जाड काळा पडदा, मोठा मॉनिटर, त्याच्या शेजारी माझी खुर्ची, आणि समोर एक इतका खोल सोफा की त्यातून उठताना माणसाला हात द्यावा लागतो.

आज त्यांना नॉईज म्हणजे काय ते समजावून दिलं. चित्रातला नॉईज म्हणजे आवाज नव्हे, वळवळ. मोकळ्या आभाळात, अंधाऱ्या कोपऱ्यात, कुणाच्या गालावर बारीक मुंग्या फिरतायत असं वाटतं ना, ते. साध्या टीव्हीवर त्या दिसतच नव्हत्या. हाय डेफिनिशनमध्ये एकेक मुंगी मोजून घ्या. कारणं बरीच. फिल्मवरचं चित्र मुळात कणांचंच असतं, आणि कमी उजेडात चालणाऱ्या फिल्मचे कण जाडे. त्यातून उजेड अपुरा पडला आणि धुताना फिल्म ओढूनताणून उजळली, की ते आणखी फुगतात. नकलेवरून नक्कल काढली की प्रत्येक नक्कल आपली भर घालते. स्कॅनर काळ्या भागात स्वतःची वळवळ मिसळतो. आणि शेवटी माझ्यासारखा कुणी चित्र धारदार करायला गेला, की मुंग्यांनाही धार येते.

मामा मान डोलावत शेवटपर्यंत ऐकत होते. "वा, फार छान समजावलंत," म्हणाले.

जेवताना बायकोनं विचारलं, "तू बाबांना फिल्म शिकवलीस?" मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

२५ जानेवारी

पहिला भाग साफ करून त्यांना दाखवला. संगणकाची रीत सरळ आहे. प्रत्येक फ्रेम तो मागच्यापुढच्या फ्रेमशी ताडून बघतो. जे सगळ्यांत आहे, ते चित्र. जे एकीत आहे आणि दुसरीत नाही, तो नॉईज, पुसून टाक. किती कडक पुसायचं ते मी ठरवायचं. हात हलकाच ठेवला होता मी.

मामांनी सुरुवातीला समोर पाहिलं. मग मान वळवली आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून बसले, ते शेवटपर्यंत. मला फार लागलं. आवडलं नाही तर बोलावं ना माणसानं, तोंड कशाला फिरवायचं?

विचारलं तर म्हणाले, "उत्तम आहे हो. फक्त मधोमध जरा गढूळ वाटतं. तुमच्या सवडीनं बघा."

सवडीनं बघा! म्हणजे साफ नापसंत.

६ फेब्रुवारी

मधोमध गढूळ, मधोमध गढूळ. झोपेतसुद्धा ऐकू येतं.

आधी मी वाढवलेली धार काढून टाकली. तरी गढूळ. मूळ निगेटिव्हचा स्कॅन नव्यानं करून मागवला. तरी गढूळ. केबल बदलली. मामांनी डोळा चोळला, म्हणाले, "आज जरा बरं आहे," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला स्वतःला मधोमध काहीच वेगळं दिसत नाही. पण मी कोण? त्यांनी अख्खी हयात डोळ्यांवर काढली. एकदा चाचरत म्हणालो की मला नीट दिसत नाहीये बहुतेक, तर म्हणाले, "होतं असं, जावईबापू. सवयीनं येईल."

मग काय, पुसण्याचा जोर वाढवला. त्यांना हवं तसं होऊ दे. त्यांचा सिनेमा आहे.

१२ फेब्रुवारी

आज मी रागावलेलो आहे आणि ते इथेच लिहितो, कारण बायको ऐकून घेणार नाही.

सकाळी बाजारात मामा समोरून आले. सरळ माझ्या बाजूनं निघून गेले, ओळख नाही की काही नाही. मी "मामा!" म्हटल्यावर दचकून, "अरे, जावईबापू! आवाजावरून ओळखलं बघा," म्हणून हसले. आवाजावरून! मी काय रेडिओवर होतो? माझ्या कामावर नाराज आहेत, हे आता बाजाराला पण कळलं.

दुपारी मात्र स्वतः माझ्यासाठी चहा ओतायला घेतला, आणि तो कपात कमी, बशीत जास्त. खोली अंधारी आहे हे मान्य. सोफ्याशेजारी एक दिवा लावून टाकला. "किती काळजी घेता," म्हणाले. मग माझा राग टिकला नाही. असा माणूस आहे तो. त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

१९ फेब्रुवारी

कंपनीच्या तपासनीस बाईंचा फोन. नमुन्याचा भाग त्यांनी परत पाठवला. "सगळी माणसं मेणाची झालीत. नॉईज काढायला सांगितला होता, कातडी नाही."

घ्या! एकीकडे मामा म्हणतात अजून पुसा, दुसरीकडे या म्हणतात पुसलंच का. जात्यात मी एकटा. बाईंना सांगितलं की मूळ कॅमेरामनचीच तशी इच्छा आहे. त्या म्हणाल्या, "आश्चर्य आहे. त्यांची तर ख्याती होती की कमी उजेडात शूट करायचे आणि फिल्मच्या कणांना घाबरायचे नाहीत."

होती ना. माणूस बदलतो म्हातारपणी. असं मी म्हणालो नाही, मनात आलं फक्त.

२१ फेब्रुवारी

बसथांब्याचा शॉट साफ करत होतो. गर्दीत एक बाई आयत्या वेळी आली नव्हती म्हणून मामांनी मामींना रांगेत उभं केलं होतं, कडेवर बाळासकट. बाळ म्हणजे आमची ही. एवढीच तिची सिनेमातली कारकीर्द, आणि पाहुणे आले की ती हमखास सांगते.

आज कौतुकानं बघायला आली आणि दारातच थबकली.

"हे माझं तोंड आहे का बटाटा?"

"नॉईज काढलाय."

"नॉईजच्या जोडीनं माझं नाकही काढलंस. आणि आईचा चेहरा असा होता? जणू इस्त्री फिरवलीय त्याच्यावरनं. बाबांना दाखवलंस?"

"दाखवलं. मधोमध गढूळ म्हणाले."

"याला?" ती बराच वेळ मॉनिटरकडे बघत राहिली. "आईच्या चेहऱ्याला बाबा असं होऊ देतील, हे मला पटत नाही," म्हणाली आणि गेली. तिची आई तिला त्या बटाट्यात दिसली नाही, याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

२६ फेब्रुवारी

अखेर डोकं चालवलं. नॉईज कुठून येतो ते शोधायचं असेल तर एकेक गोष्ट बाद करत जायची, ही आमच्या धंद्यातली रीत. फिल्म, स्कॅन, केबल, माझी कारागिरी, सगळं बाद करायचं तर चित्रच काढून टाका. मी संगणकावर एक कोरी राखाडी पाटी बनवली, तिच्यावर उभ्याआडव्या पांढऱ्या रेषा, वहीतल्या चौकटींसारख्या. हिच्यात नॉईज असूच शकत नाही. फिल्मच नाही तर कण कुठले?

मामांना काही न सांगता ती लावली. त्यांनी नीट पाहिलं, मग मान वळवली, पुन्हा पाहिलं.

"मधोमध गढूळ आहे," म्हणाले. "आणि तिथल्या रेषा वाकड्या काढल्यात का तुम्ही?"

सापडला चोर! मॉनिटर. एवढे दिवस हा बिघडलेला मॉनिटर आम्हा दोघांना नाचवत होता. सपाट काचेवर रेषा वाकड्या कशा दिसतील आणि मला का दिसत नाहीत, ते काही उलगडलं नाही, पण नवा मागवला की प्रश्नच मिटला.

जेवताना हे सगळं रंगवून सांगितलं. बायको ताट तसंच ठेवून उठली, दुसऱ्या खोलीत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलत बसली. नवीन मॉनिटरचं नाव काढलं की हिचं हे असं असतं.

२७ फेब्रुवारी

मी गाढव आहे.

बायकोचा कालचा फोन डोळ्यांच्या डॉक्टर बाईंना होता. त्यांनी मामांपुढे तीच पाटी धरली. तीच, वहीतल्या चौकटींसारखी. मामा म्हणाले, "हे जावईबापूंनी कालच दाखवलं मला," आणि मी खाली बघितलं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा अगदी मधला भाग खराब होत चाललाय. उजवा डोळा बहुतेक वर्षापूर्वीच गेला. डावा चांगला होता म्हणून कुणाला कळलं नाही, त्यांनाही नाही. आता डाव्यातही सुरू झालंय. डॉक्टर म्हणाल्या, डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, आजच सुरुवात करायची. आणखी उशीर केला असता तर हाही मधून गेला असता. कडेचं मात्र चांगलं दिसतं, म्हणून ते मान वळवून बघतात. समोरची वस्तू दिसावी म्हणून तिच्या बाजूला बघतात.

पुस्तकांच्या कपाटाकडे. म्हणजे ते सबंध वेळ माझं काम बघत होते.

मला सगळं दिसत होतं. चहा, बाजार, डोळा चोळणं. सगळं या डायरीत माझ्याच अक्षरात आहे. एकदा नुसतं म्हटलं असतं, "नाही मामा, इथं गढूळ नाहीये," तर महिनाभर आधी कळलं असतं. पण जावयानं सासऱ्याचं म्हणणं खोडायचं कसं? आणि त्यांनीही, काहीतरी बिनसलंय असं वाटलं तरी, जावयाच्या कामाला नावं नको म्हणून दर वेळी सौम्यच बोलायचं. आमच्या या सभ्यपणापायी त्या माणसाचा डोळा चालला होता.

बायको बाहेरच्या बाकावर बसून रडली. मी शेजारी बसलो. "मला तरी कुठे कळलं," एवढंच म्हणाली.

२ मार्च

मामा आमच्याकडेच आहेत. डोळ्यावर पट्टी होती तेव्हा घरभर भिंत चाचपत फिरले, पण हात धरू देत नाहीत.

७ मार्च

आज ते खोलीत आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, चित्र आहे तसं पाठवून द्या. पसंत आहे म्हणून कळवा."

"पण तुम्ही ते पाहिलेलं नाही."

"तुम्ही कष्ट घेतलेत ते पाहिलेत ना. माझ्यापायी किती वेळा पुसलंत. आता माझ्यासाठी थांबलात तर मुदत जाईल. सुरेखच झालं असेल."

"नाही," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मामाही चमकले.

"नाही मामा. वाईट झालंय. माणसं मेणाची झालीत. मामी ओळखू येत नाहीत. मी हे पाठवणार नाही." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही निघून गेलं. "आणि मला चहात साखर चालते. दोन चमचे."

ते सोफ्यात पुढे सरकले. मग हसायला लागले, हसता हसता ठसका लागला, बायको धावत आली.

"अगं, तुझ्या नवऱ्याला साखर चालते! आणि माझ्याकडचं ते काढ्यासारखं इतकी वर्षं..." त्यांना पुढे बोलवेना. मग डोळे पुसून शांतपणे म्हणाले, "पुसलेलं सगळं टाकून द्या. सुरुवातीपासून करा. मधलं मला दिसत नाही, ते तुम्ही सांगायचं. पण खरं सांगायचं, आजच्यासारखं."

१८ मार्च

मान वर करायला फुरसत नाही. मूळ स्कॅनपासून पुन्हा सुरू केलंय. ओरखडे काढतो, धूळ काढतो, अंधाऱ्या भागात स्कॅनरनं घातलेली वळवळ तेवढी कमी करतो. फिल्मचे कण जिथल्या तिथे. मामा विचारतात, मी सांगतो, आणि आता आम्ही चक्क भांडतो. संध्याकाळच्या खिडकीच्या प्रसंगात सावली फार काळी आहे, असं मी म्हणालो तर ते म्हणाले, "काळीच आहे. नायिकेला अंधारात बसायचंय, तुम्ही कशाला दिवे लावता?" अर्धा तास चालू होतं. बायकोनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या इंजेक्शननंतर डॉक्टर म्हणाल्या, डावा डोळा आहे तिथे थांबलाय. गेलेलं परत येणार नाही, पण निदान थांबलाय.

तपासनीस बाईंनी नवीन नमुना पास केला. खाली एक ओळ लिहिली होती, "आता माणसं आहेत."

२६ मार्च

आज पसंतीचा दिवस. बायकोनं रजा काढली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, जसं काही बाहेर चित्रगृहात निघालेत. ती दोघं सोफ्यावर, मी मॉनिटरशेजारी माझ्या खुर्चीत, त्यांच्याकडे तोंड करून. मधलं मी सांगत होतो. "ती हसली." "त्यानं चिठ्ठी फाडली." बाकीचं मामा कपाटाकडे बघून आपलं आपण पाहत होते.

बसथांब्याचा शॉट आला. मामांनी मान या बाजूला वळवली आणि थेट माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे इतकं रोखून कधी पाहिलेलं नाही. मला अवघडल्यासारखं झालं, कुठे बघावं ते कळेना. मग लक्षात आलं, ते मला बघतच नव्हते.

"थोपटतेय," ते म्हणाले.

"कोण?"

"तुमच्या मामी. पोरीला थोपटतेय. मी बजावलं होतं तिला, जराही हलायचं नाही म्हणून. ऐकलं नाही माझं."

मी वळून पाहिलं. हा शॉट मी इतक्यांदा पाहिलाय, पण माझं लक्ष कायम गालांवर आणि मुंग्यांवर. मागे नेऊन मोठा केला. बाळाच्या पाठीवर मामींची चार बोटं उठत होती, टेकत होती, उठत होती. मग न राहवून मी जुनी, पुसलेली प्रत उघडली. तिच्यात हात पाठीवर नुसता चिकटलेला. संगणकानं ते थोपटणं मुंग्यांत जमा केलं होतं आणि पुसून टाकलं होतं. पुसायला मीच सांगितलं होतं.

बायको उठली आणि मॉनिटरच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"परत लाव," म्हणाली.

लावलं.

"परत."

"हेच पाठवा," मामा म्हणाले. डोळे भरले होते, आणि चेहरा माझ्याकडेच. बायको प्रत्येक वेळी 'परत' म्हणत होती आणि मी न बघता हात लांब करून तो शॉट लावत होतो. पाठ अवघडून आली, पण खुर्चीवरून मी हललो नाही. मामींना बघायला त्यांना मी तिथेच हवा होतो.